सरड्यांचा माळ

"रुक्साना दिसत नाही ती?"

जीपमधून उतरताच बाईंनी विचारलं. हातातलं पाणी अजून तोंडाला लागलं नव्हतं.

"घरी पाठवलं तिला," श्रीशैल म्हणाला.

"आजारी आहे?"

"नाही... ऊन सोसत नाही."



डॉ. वत्सला रणपिसे यांचं सगळं आयुष्य पाली आणि सरडे पाहण्यात गेलं होतं. श्रीशैल बिराजदार हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. जतजवळच्या या उघड्या माळावर तो सरड्यांची निरीक्षणं घेत होता. रुक्साना मुलाणी यंदाच त्याच्या हाताखाली आली होती.

"ऊन चढलं की बाभळीखाली जाऊन बसायची," श्रीशैल सांगू लागला. "मी दिवसभर उभा असतो, बाई. टोपीसुद्धा घालत नाही. कोरड्या माळावरचं जनावर समजून घ्यायचं तर त्याच्यासारखं ऊन झेलायला नको? तिला म्हटलं, हे काम तुझं नव्हे."

"रडली?"

"...हो."

बाईंनी पाण्याची बाटली गाडीत ठेवली.

"चल. तुझे सरडे दाखव."

काळ्या दगडावर एक नर बसला होता. बोटभर जीव, मातीच्या रंगाचा. बाई तिथेच जमिनीवर बसल्या.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग त्याने मान उचलली आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उलगडली. निळा, काळा, तांबूस. त्या वाळक्या माळावर तेवढाच रंग.

श्रीशैलने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पण बाईंचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला, आणि या वेळी तो वही काढायला विसरला.

दगड तापला तसं सरड्याने आधी पायांची बोटं उचलली, मग पोट. मग तो दगडावरून उतरून गवताच्या ठोंबाखाली शिरला.

बाईंनी शेजारचा एक चपटा दगड अलगद उलथला. खाली एक पाल. कातडी इतकी पातळ, की आतली अंडी दिसत होती. तिने जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला.

"पापणी नाही तिला," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी दगड होता तसा परत ठेवला.

दोघं बाभळीपाशी आले. बाईंनी खोडाकडे बोट दाखवलं.

"काय आहे?"

"साल."

"नीट बघ."

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सालीला एक डोळा आला, चार पाय आले, शेपूट आली. खोडाला चिकटून दुसरीच एक पाल बसली होती. या झाडाजवळून तो दोन उन्हाळे ये-जा करत होता.

खाली पाचोळ्यात काहीतरी सळसळलं. सापसुरळी. पाय असून नसल्यासारखे. पाण्यात शिरावी तशी ती मातीत शिरली.

"ही सगळी एकाच कुळाची, बाई?"

"खूप मागे गेलं, तर एकच आजी."

"किती मागे?"

बाईंनी पायाखालच्या काळ्या खडकावर हात ठेवला. "याचा लाव्हा अजून जमिनीच्या पोटात होता. तेव्हा यांची घरं वेगळी झालेली होती."

श्रीशैल वाकला. त्यानेही खडकावर तळवा टेकला आणि चटका बसून मागे घेतला. आजवर त्याला हा खडकच सगळ्यात जुना वाटत आला होता.

"म्हणजे... हा यांच्यानंतरचा?"

बाई बाभळीच्या सावलीत सरकल्या.

त्या संध्याकाळी श्रीशैलने रुक्सानाला फोन केला. त्याने माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी तिला आणायला स्वतः मिरजेला गेला. पण ते नंतरचं.

त्या दुपारी तो पुन्हा माळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डोकं उघडं, शर्ट पाठीला चिकटलेला. चहूकडे ऊन पांढरं झालं होतं. वाऱ्याचा आवाजही नव्हता.

बाई बाभळीच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या.

"बाई," त्याने तिथूनच विचारलं, "एवढ्या उन्हात ही जात टिकली कशी?"

बाईंनी डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं.

"तू उभा आहेस ना... तिथून मला एक तरी सरडा दाखव."