हणमंते सरांचे छत्तीस प्रश्न

"आणि गोळा दुप्पट जड केला तर? भरभर झुलेल की सावकाश?"

विचारणारे होते वैजनाथ हणमंते सर. विचारलं होतं शैलजा खंदारेला. दोघंही एकाच गावची, पैनगंगेच्या अलीकडल्या कापसाच्या तालुक्याची. एक शिकवून शिकवून म्हातारा झालेला. दुसरी, शिकवायला मिळावं म्हणून वाट बघत म्हातारी होत चाललेली.

"सर, मी एम.एस्सी. झालेय."

"म्हणून तर विचारतोय."

"काही फरक पडत नाही. वजनाचा आणि झुलण्याच्या वेळेचा संबंध नाही."

"तू पाहिलंस?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकानं पाहिलं असेल. तू...?"

समोर लाकडी स्टँडला दोरा, दोऱ्याला बोराएवढा पितळी गोळा. पाळण्यासारखा आपला झुलतोय. तो तिनं शंभरदा टांगला होता. बघितला मात्र नव्हता, हे तिला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तिला राग आला. चौतिसाव्या वर्षी पोरासोरांसारखं विचारतात म्हणून राग.

दहा वर्षं ती या कॉलेजात तासावर शिकवत होती. तासावर म्हणजे कसं, जूनमध्ये बोलवायचं, मार्चमध्ये सोडायचं, उन्हाळ्यात रस्त्यात भेटली तर ओळख दाखवायची नाही.

घरी वडील मारोतराव. त्यांचा उभा जन्म जिनिंगमध्ये गेला, छातीत कापूस जाऊन बसला. खोकल्याची उबळ ओसरली की एकच विचारायचे, "झालं का गं कायम?"

आई विचारायची नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगी प्रोफेसर आहे," आणि लगेच पोह्यांकडे वळायची.

त्या वर्षी प्राचार्यांनी शैलजाला बोलावून घेतलं.

"हणमंते सर दोन वर्षांनी रिटायर होतायत. जागा भरायची परवानगी मिळेल. त्यांच्याजवळ बसा, त्यांची पद्धत उचला. समिती येईल ती त्यांची पद्धत बघायलाच येईल. जो ती दाखवील, तो कायम."

म्हणून शैलजा सरांजवळ बसली.

सरांची पद्धत होती मोठी विचित्र. पहिल्या वर्षाची पोरं प्रयोगशाळेत आली की हात लावण्याआधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. पेननं लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही. मग करून बघायचं. मग सर टेबलाटेबलावर फिरायचे.

"काय दिसलं?"

"काय वाटलं होतं?"

"मग आता?"

उत्तर सांगायचे नाहीत. पोरं रडकुंडीला यायची. एकानं तर हात जोडले. "सर, पाया पडतो, सांगून टाका."

"पाया कशाला पडतोस? खाली वाकायचंच असेल तर गोळ्याकडे बघायला वाक."

शैलजा कोपऱ्यात वही घेऊन बसायची. सरांच्या तोंडून पडेल तो प्रश्न लिहायची. तोच प्रश्न पुन्हा आला की खूण करायची. अशी दोन वर्षं. शेवटी सगळं गाळून छत्तीस प्रश्न उरले. ते तिनं लाल शाईनं क्रमवार उतरवले. मधे मधे कंसात लिहिलं, इथं चार सेकंद गप्प.

वही तिनं सरांना दाखवली. सरांनी चष्मा पुसला, पानं उलटली.

"छत्तीसच?"

"एवढेच विचारता तुम्ही. फिरून फिरून तेच."

"बरं. आणि हे गप्प गप्प काय आहे?"

"तिथं तुम्ही थांबता ना. मुलांनी विचार करावा म्हणून."

"मला पुढचं सुचत नाही म्हणून थांबतो मी."

शैलजा हसली. मोठी माणसं असं बोलतातच, तिला वाटलं. कंसातले चार सेकंद तिनं तसेच ठेवले.

"परवा त्या राठोडच्या पोरीनं विचारलं," सर म्हणाले. "निकितानं. दोरा झुलतो तेव्हा वरचा खिळापण हलत असेल का म्हणून. ते नाही घेतलंस?"

"सर, तो प्रश्न नाही. ती विद्यार्थ्याची शंका आहे."

सरांनी वही मिटली, तिच्या हातात दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

शैलजानं मनात मोजलं. चारच्या वर गेले.

मे महिन्यात सर रिटायर झाले. हार, नारळ, शाल, जे काय असतं ते झालं. जूनपासून प्रयोगशाळा शैलजाच्या हाती आली. तासावरच, पण हाती आली.

पहिल्याच दिवशी तिनं पहिला प्रश्न विचारला. एका पोरानं भलतंच उत्तर दिलं. आता? वहीत दुसरा प्रश्न होता, पण तो बरोबर उत्तरानंतरचा होता. तिनं चार सेकंद गप्प बसून बघितलं. पोरगा पण गप्प बसला. मग मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "मॅडम, आम्ही जाऊ का?"

असे आठ महिने गेले. सर विचारायचे तेव्हा पोरं घामाघूम व्हायची, निदान जागी असायची. इथं तर जांभया.

समिती येणार, असं पत्र फेब्रुवारीत आलं. त्या आठवड्यात मारोतरावांना खोकताना रक्त पडलं. थोडंच होतं. आईनं ते धोतराचं टोक न्हाणीत नेऊन धुतलं आणि कुणालाच सांगितलं नाही. शैलजानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं छत्तीस प्रश्नांच्या खाली निळ्या शाईनं छत्तीस उत्तरं लिहिली. कोणता प्रश्न कुणाला, त्याचं नाव लिहिलं. पहिल्या वर्षाची पोरं कच्ची, म्हणून दुसऱ्या वर्षातली आठ हुशार पोरं निवडली आणि त्यांना पहिल्या वर्षाची म्हणून बसवायचं ठरवलं. मग मुनीरभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली, वहीच्या आठ प्रती काढल्या.

"मॅडम, परीक्षा आहे काय?" मुनीरभाईंनी विचारलं.

"नाही. विचार करायला शिकवायचंय."

"अच्छा. मग स्पायरल बाइंडिंग करू?"

त्या आठांत निकिता राठोड होती. सराव सुरू झाला तशी ती उठून उभी राहिली.

"मॅडम, माझ्या नावापुढं लिहिलंय, जड गोळा लवकर झुलेल असं मला वाटलं होतं."

"हो."

"पण मला तसं वाटत नाही. हणमंते सरांकडे करून बघितलंय मी."

"वाटत नसलं तरी म्हणायचं. सगळ्यांचंच बरोबर आलं तर समितीला पाठांतर वाटेल. एक तरी चुकलेलं पाहिजे."

"मग मीच का?"

"तू चांगलं बोलतेस म्हणून."

निकिता खाली बसली. नवव्या प्रश्नाला तिनं म्हणायचं होतं, "अरेच्चा, हे तर उलटंच झालं." ते तिनं सरावात चारदा म्हटलं. चौथ्या वेळी छान जमलं.

समितीचे तिघंजण आले. बिस्किटं झाली, काजू झाले. प्राचार्यांनी मुद्दाम हणमंते सरांनाही बोलावलं होतं, पद्धत त्यांची म्हणून. सर इस्त्रीचा सदरा घालून मागच्या स्टुलावर बसले होते.

शैलजानं गोळा टांगला, बाजूला ओढला, सोडला. विचारायला लागली.

काय सांगावं, असं वाहत गेलं सगळं. प्रश्न पडायचा, पोरं कपाळाला आठ्या घालायची, चार सेकंद नुसत्या पंख्याची कुरकुर, मग कुणीतरी हात वर करायचं. निकितानं जड गोळ्याचं सांगितलं. निकिताला आश्चर्य वाटलं. समितीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ पुढे वाकून पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत होते आणि लिहून घेत होते.

विसावा प्रश्न व्हायच्या आत हणमंते सर उठले.

सावकाश चालत टेबलाशी आले. हात पुढे केला आणि झुलता गोळा दोन बोटांत धरला.

गोळा थांबला.

कुणाचं लक्ष नव्हतं. समिती पोरं बघत होती, प्राचार्य समिती बघत होते. शैलजानं पाहिलं. सर तिच्याकडे बघत होते. रागानं नाही. प्रयोगशाळेत बघायचे तसंच, आता ही काय म्हणते ते ऐकावं म्हणून.

तिला एवढंच म्हणायचं होतं, "थांबा, गोळा थांबलाय." तीन शब्द. कुणी फाशी दिली नसती. पण वहीत ते तीन शब्द नव्हते, आणि घरी न्हाणीत गुपचूप धुतलेलं धोतर होतं.

"निकिता," ती म्हणाली, "आता काय दिसतंय?"

निकितानं गोळ्याकडे पाहिलं. सरांच्या बोटांकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं.

एक सेकंद. दोन. तीन. चार...

"गोळा प्रत्येक वेळी सारख्याच वेळात झुलतोय, मॅडम."

"किती झाले?"

"अठरा," निकिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "एकोणीस. वीस."

ते म्हातारे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले. मग बाकीच्यांनी वाजवल्या. इतक्या वर्षांत असं जिवंत शिकवणं पाहिलं नाही, असं ते प्राचार्यांना म्हणाले.

सरांनी बोटं काढून घेतली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

पोरं बाहेर पडताना निकिता दाराशी रेंगाळली.

"मॅडम, मी बरोबर बोलले?"

"एकदम बरोबर."

निकितानं मान हलवली. तिसऱ्या वर्षाला तिनं फिजिक्स सोडलं, केमिस्ट्री घेतली. कारण कुणी विचारलं नाही.

जुलैत शैलजाची ऑर्डर आली. कायम.

घराचं रूपच पालटलं. मारोतरावांना नांदेडला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, औषधं लागू पडली, रक्त थांबलं. ते नवी टोपी घालून जिनिंगच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि ओळखीचा वॉचमन निघून गेलेला, म्हणून नव्याला थांबवून सांगून आले. आईनं कायम हा शब्द शेजारीपाजारी इतका वापरला, की शेजारणीची नात लपाछपीत म्हणायला लागली, मी कायम इथं लपणार. पत्र्याचं घर गेलं, स्लॅबचं झालं. लग्नाचं बोलणं आलं, तेही चांगल्या घरचं, आणि या खेपेला पाहुण्यांनीच घाई केली.

सगळं झालं, पण शैलजा सरांकडे जायचं टाळत राहिली. आज नको, उद्या जाऊ. शेवटी संक्रांतीच्या आधी एका सकाळी पेढे घेऊन गेली.

सर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ती वाकली. सरांनी हात झटकून तिच्या डोक्यावर ठेवला.

"सर, कायम झाले."

"कळलं. बैस."

ती बसली. सरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा पुडीवर ठेवला. पुन्हा शेंगा घेतल्या.

शैलजा वाट बघत राहिली. येताना वाटेत तिनं सगळं जुळवून आणलं होतं. बाबांची छाती. आईचं पाहुण्यांसमोरचं तोंड. बारा-तेरा उन्हाळे. सर एक विचारतील, ती हे सांगेल. दुसरं विचारतील, ती ते सांगेल. आणि अगदीच अडलं तर रडेल.

सर शेंगा सोलत होते.

"सर..."

"हं."

"तुम्ही काही विचारत नाही."

एक शेंग किडकी निघाली. सरांनी ती बाजूला टाकली.

"त्या दिवशी समितीसमोर मी का थांबले नाही, ते विचारा ना. मी उत्तर आणलंय."

सर उठले. आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. ती पिईपर्यंत उभे राहिले. मग तिची रिकामी पिशवी उचलून, वरपर्यंत शेंगा भरून तिच्या हातात दिली.

"बाबांना तुरीचे दाणे आवडतात ना. उकडून दे."

"सर, मी चुकले का?"

सरांनी ओट्याची पायरी उतरून तिला फाटक उघडून दिलं.

"घरी सांग," ते म्हणाले, "की आता तुला कोणीही काही विचारणार नाही."