शेवड्यांचा हलका ट्रायपॉड

"म्हणजे मी चुकीचा ट्रायपॉड वर आणला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

शेवडे धापा टाकत बोलले आणि वाटेतल्या एका दगडावर टेकले.

बाई थांबल्या नाहीत. काठी टेकत दोन पावलं पुढे गेल्या, मग थांबल्या.

"मी कुठे काय म्हटलं?"

ते खरंच होतं. पायथ्यापासून शेवडेच बोलत होते. कार्बनचे पाय हलके असतात, पण महाग. ॲल्युमिनियमचे जड, पण भक्कम. पाय जितक्या जास्त नळ्यांचे, तितके ते पिशवीत मावायला बरे आणि वाऱ्यात वाईट. दुर्बीण बसवायचं वरचं हेड गोळ्यावर फिरणारं असलं तर वजन वाचतं, पण दुर्बीण ताब्यात राहत नाही.

दिगंबर शेवड्यांची सगळी नोकरी कारखान्यातल्या यंत्रांची थरथर मोजण्यात आणि ती कमी करण्यात गेली होती. या विषयात आपल्याला कुणी काही शिकवावं असं त्यांना वाटत नसे. तरी ट्रायपॉडपुढे ते हरले होते. घरी एकावर एक आणलेले ट्रायपॉड कोपऱ्यात उभे होते. ते बघून बायको आता हसतही नसे.

"जड होता तो गाडीत ठेवला," ते म्हणाले. "तो खांबासारखा उभा राहतो. पण हा गुडघा..."

"बरं केलंत."

"पण हा हलतो, बाई. वर वारा असणार."

"असेल."

"मग तोच आणायला हवा होता."

बाई जराशा वळल्या.

"तो आत्ता कुठे आहे?"

"गाडीत."

"तिथे हलत नसेल," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

कालिंदीबाई टिळेकर तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. समोरच्या कड्यावर गिधाडं घरटी करतात हे त्यांनीच पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेला आणून दिलं. तेव्हापासून दर हंगामात त्या डोंगराच्या या सोंडेवर येऊन बसत. आता सत्तरी उलटली होती आणि साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. पायाखालची वाट दिसे, माणूस दिसे, पण दुर्बिणीतून बघायला जावं तर नुसतं धुकं.

म्हणून गेले दोन हंगाम शेवडे बघत आणि बाई ऐकत. शेवडे सांगतील ते बाई वनखात्याला कळवत. आपण बाईंचे डोळे आहोत, असं शेवडे पुण्यात चारचौघांत सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज थोडा चढायचा.

आजचं काम मात्र नेहमीचं नव्हतं.

कड्याच्या मधल्या कपारीत एक पिल्लू होतं. त्याची आई काल विजेच्या मोठ्या मनोऱ्याखाली मरून पडलेली सापडली. बापही तेव्हापासून कुणाला दिसला नव्हता. पिल्लू जिवंत असेल आणि बापानंही टाकलं असेल, तर त्याला काढायला हवं होतं. त्यासाठी रोहिदास आणि त्याचे गिर्यारोहक मित्र दोर बांधून कड्याच्या माथ्यावर तयार बसले होते. पण बाप अजून येत असेल आणि ही मंडळी खाली उतरली, तर तो बिथरून जाईल. कदाचित परत येणारच नाही. शेजारच्या कपारीतली घरटीही उठतील.

माथ्यावरून कपार दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त समोरच्या सोंडेवरून. म्हणजे उतरायचं की नाही, ते शेवड्यांच्या फोनवर ठरणार होतं.

सोंडेवर पोचले तेव्हा दोघांनाही बोलवत नव्हतं. वाळलेलं गवत वाऱ्यानं एका अंगाला निजलं होतं. पलीकडे कडा आणि त्यावर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ.

शेवड्यांनी पाणीही प्यायलं नाही. ट्रायपॉडचे पाय शेवटच्या नळीपर्यंत ओढले, मधला दांडा वर केला, छोटी दुर्बीण चढवली आणि उभ्यानंच डोळा लावला.

हेड जरा सैल केलं, तशी दुर्बीण नाक खाली घालून कोसळली. त्यांनी ती सावरली. कपार शोधली. आवळायला गेले, तर कपार निसटली.

"हे हेडच..." ते दातओठ खात म्हणाले.

"ट्रायपॉडची मान सावकाश वळायला हवी," बाई खाली बसत म्हणाल्या. "आडवी वेगळी, उभी वेगळी. पाय कसले का असेनात, पुढच्या वेळी मान तेवढी बघून घ्या."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पायांचंच विचारत होता."

दोन्ही हातांनी दुर्बीण घट्ट धरून शेवड्यांनी पुन्हा कपार शोधली आणि या वेळी ती सापडली. वाळक्या काटक्या. त्यात राखाडी लोकरीचा गोळा.

"आहे!" ते ओरडले. "बाई, जिवंत आहे! तडफडतंय हो... मान हलतेय, सगळं अंग हलतंय. शेवटच्या घटका दिसतात. मी रोहिदासला सांगतो."

एका हातानं ते खिशातला फोन काढू लागले.

"शेजारचा दगड बघा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"घरट्याच्या शेजारी दगड असेल ना एखादा?"

"आहे. त्याचं काय?"

"तो तडफडतोय का?"

शेवड्यांनी चिडून डोळा लावला.

बराच वेळ लावून ठेवला.

दगडही हलत होता. मागचा कातळही. कड्यावरचे पांढरे ओघळसुद्धा थरथरत होते, सगळे एकाच लयीत. आपल्याच छातीची धडधड त्यांना त्या लयीत ऐकू आली.

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"बसा," बाई म्हणाल्या.

ते बसले. बाईंनी सांगितलं तसे ट्रायपॉडचे बारीक पाय आत ढकलले, नुसते वरचे जाड तेवढे ठेवले. मधला दांडा पार खाली उतरवला. पाठीवरच्या पिशवीत दगड भरून ती मधोमध टांगली. एवढासा झालेला ट्रायपॉड त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा राहिला. कपार पुन्हा सापडायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी हेड आवळलं.

"अजून हलतंय, बाई. थोडंसं."

"हात काढा."

"हात काढला तर..."

"काढा."

शेवड्यांनी हात काढला. काय करावं ते न कळून मांडीवर ठेवला.

चित्र दोनदा डोललं आणि थांबलं.

दगड दगडासारखा झाला. काटक्या वेगवेगळ्या दिसू लागल्या. लोकरीचा गोळा काटक्यांत पडून होता. तो हलत नव्हता.

शेवडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"मेलंय, बाई," ते हळूच म्हणाले.

"मघाशी जिवंत होतं."

"मघाशी मला..."

"आता मेलंय."

"हलत नाहीये ना काही!"

काठी आडवी ठेवून बाईंनी डोक्यावर टॉवेल घेतला.

फोन वाजला. रोहिदास होता.

"काका, काय करायचं? वारा वाढायला लागलाय. अजून उशीर केला तर उतरता यायचं नाही."

शेवड्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई समोर बघत होत्या.

"बाई, काय सांगू?"

"दिसतंय कुणाला?"

शेवड्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"थांब जरा," ते फोनमध्ये म्हणाले.

मग काहीच झालं नाही.

ऊन सरकलं. गवतातून एक नाकतोडा उडाला आणि बाईंच्या पदरावर बसला. बाईंची मान हळूहळू गुडघ्यांवर आली. त्यांना झोप लागली असावी. शेवड्यांची कंबर दुखायला लागली, मग दुखायची थांबून नुसती बधिर झाली. डोळा लावावा, काढावा, पुसावा, पुन्हा लावावा. हात मांडीवर. इतका वेळ रिकामे हात घेऊन ते आयुष्यात कधी बसले नसतील.

त्यांना घरी जावंसं वाटत होतं. अंथरुणावर आडवं व्हावं आणि कुणी काही विचारू नये. त्या राखाडी गोळ्याकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं... मेलं असेल तर तसं, जगलं असेल तर तसं. काहीतरी एक होऊन जाऊ दे, म्हणजे खाली उतरता येईल.

हे आपल्या मनात आलं याचं त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटायलाही आता जोर लागत होता.

फोन पुन्हा वाजला.

"काका, हे शेवटचं विचारतोय. उतरू की दोर काढू?"

दोन्ही उत्तरं शेवड्यांच्या तोंडाशी तयार होती. काढ म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. उतर म्हटलं असतं तर काहीतरी केल्यासारखं झालं असतं.

त्यांनी डोळा लावला. दगड. काटक्या. गोळा.

"मला अजून काही कळलेलं नाही," ते म्हणाले. "थांबा तुम्ही."

"काका, पोरं कंटाळलीत."

"मीही कंटाळलोय, बाळा. थांबा."

फोन बंद करून ते पुन्हा बसले.

गवतावरून एक मोठी सावली सरकत गेली.

शेवड्यांनी मान वर केली नाही. ती सवय त्यांना दोन हंगामांत लागली होती. घरट्यावरचा डोळा काढायचा नाही. चौकटीच्या कडेला आधी नुसतेच काळपट पंख आले, मग पुढे टाकलेले पाय, मग अख्खं गिधाड. ते कपारीच्या काठावर धप्पकन उतरलं. पंख मिटले. म्हाताऱ्या माणसासारखं दोन्हीकडे झुलत घरट्याकडे चाललं.

हात आपोआप दुर्बिणीकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला.

"बाई," ते कुजबुजले.

"बोला."

बाई जाग्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"बाप आलाय."

"एकटाच?"

"एकटाच. घरट्यापाशी थांबलाय. मान वाकवतोय..."

"गळ्याची पिशवी? खाणं आणलंय का?"

"भरलेली दिसते. हो, भरलेली आहे. आता... आता तोंड उघडलं त्यानं."

"दगड?"

शेवड्यांनी दगडाकडे बघून घेतलं.

"दगड जागच्या जागी आहे, बाई."

"पिल्लू सांगा मग."

शेवडे सांगायला गेले, पण आधी बघतच राहिले. राखाडी गोळा उकलला होता. त्यातून एक बारीक, वाकडी मान वर आली. ती डळमळली, खाली पडली, पुन्हा वर आली. बापाच्या चोचीला लागली आणि तिथेच चिकटून राहिली.

"खातंय," ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा हात गवतावर होता. तो मुठीत गवत धरून तसाच राहिला.

"नीट खातंय?"

"नीट."

मग शेवड्यांनी रोहिदासला फोन लावला.

"उतरू नका. बाप आलाय, भरवतोय. दोर हळू ओढा, कड्यापासून मागे व्हा आणि आवाज अजिबात नको."

पलीकडून रोहिदास काहीतरी आनंदानं ओरडायला गेला आणि त्यानं स्वतःच तोंड दाबून घेतलं असावं. फोनमध्ये नुसता वारा येत राहिला.

बाप उडून गेला तेव्हा ऊन कड्यावरून वर चढलं होतं. पुढचे दिवस एकट्या बापाला जमेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उद्या परत येऊन बघावं लागणार होतं. परवाही. बाईंनी तसं म्हटलं आणि शेवड्यांनी मान हलवली.

उतरताना दोघेही हळू चालत होते. बाई पुढे, शेवडे मागे. खांद्यावरचा ट्रायपॉड नावाला हलका, पण आता त्याचंही ओझं होत होतं. शेवड्यांचा गुडघा प्रत्येक पावलाला कळवळत होता. निम्म्या वाटेवर त्यांना राहवेना.

"बाई, तडफडतंय म्हणून मी मघाशी लगेच फोन केला असता तर?"

"पोरं उतरली असती."

"आणि बाप..."

बाई चालत राहिल्या.

"गेले दोन हंगाम मी तुम्हाला सांगत आलोय," शेवडे म्हणाले. "पिल्लू हललं, पिल्लानं पंख ताणले, पिल्लू निपचित आहे. उभ्यानं बघायचो, घट्ट धरून. त्यातलं खरं किती आणि माझी थरथर किती, माझं मलाच सांगता येणार नाही आता. आणि तुम्ही ते सगळं तसंच्या तसं कळवत गेलात."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

बाईंनी काठीनं पुढचा दगड चाचपला, त्यावर पाय ठेवला, पाय ठरला तसा दुसरा उचलला.

शेवडे थांबले. त्यांचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता.

"मग माझ्यावर एवढा भरवसा ठेवलात तरी कसा, बाई?"

बाई थांबल्या. मागे वळल्या. नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी, जिथून आवाज आला तिथे बघत राहिल्या...

"दुसरं वर चढत होतं कोण, शेवडे?"