तपकिरीचा माग

"एक अक्षर न वाचता माझा कागद शोधून काढा, नाहीतर बेचाळीसच्या बेचाळीस रुमाल आजच राजवाड्याच्या बंबात जातील!"

उदाजीराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि कायदेशाळेच्या गुरुजींची तोंडं बघण्यासारखी झाली.

रुमाल म्हणजे नाक पुसायचे नव्हेत हं. लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. ते होते नरहरशास्त्री ठोसरांचे. संस्थानातली कायदेशाळा शास्त्रीबुवांनीच काढली, पहिले प्रमुखही तेच. तीस वर्षं कायदा शिकवला आणि एवढ्या वर्षांत एक चिठोरा म्हणून फेकला नाही. ते गेल्यावर शाळेनं ठरवलं, येत्या दसऱ्यापासून हे दप्तर सगळ्यांना वाचायला खुलं करायचं.

हे ऐकलं मात्र, महाराजांनी तातडीनं दरबार भरवला. युवराज असताना ते शाळेच्या पहिल्या तुकडीत होते. परीक्षेत आपण पहिले आलो, असं तेव्हापासून येईल-जाईल त्याला ऐकवत आले होते. खरं काय झालं ते त्यांच्या उत्तरपत्रिकेला ठाऊक, आणि ती उत्तरपत्रिका त्याच गठ्ठ्यांत कुठेतरी होती.

थोरल्या गुरुजींनी धीर केला. "सरकार, न वाचता कागद ओळखायचा कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शोधताना कुणी एक अक्षर वाचलेलं मला खपणार नाही. दिवेलागणीपर्यंत सापडला तर बाकीचं दप्तर शाळेचं. नाही सापडला, तर सगळं बंबात."

हट्टाला पेटले की महाराज असेच. राजेच पडले, त्यांना सांगणार कोण?

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी शोधते की."

ही ठकूबाई. शाळेची झाडलोट करायची. शास्त्रीबुवांचं टेबल पुसणं, त्यांची तपकिरीची डबी भरून आणणं आणि वर्षअखेर रुमाल बांधणं, ही कामं तीस वर्षं तिच्याचकडे. शास्त्रीबुवांची सक्त ताकीद असे, टेबल खुशाल पूस, पण कागद झटकायचे नाहीत.

"तू?" महाराज म्हणाले. "तुला वाचता येतं?"

"नाही सरकार. म्हणजे तुमची निम्मी अट आत्ताच पुरी झाली."

एकेक गाठ तिनं आपल्या हातानं मारलेली. हे कागद जळाले तर शास्त्रीबुवा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

गठ्ठे दरबारात आले. ठकूबाईनं पहिल्याची गाठ सैल केली, नाक आत खुपसलं आणि हुंगलं. मग दुसरा. मग तिसरा. दरबारी मंडळी खुसुखुसू हसायला लागली.

"बाई, दप्तर आहे की मसाल्याचा डबा?" दिवाणजींनी विचारलं.

"बंदी वाचायची आहे, दिवाणजी. हुंगायची नाही."

अकराव्या गठ्ठ्याशी ती शिंकली. गठ्ठा सोडला, एकेक कागद नाकाशी नेला, आणि बाभळीच्या काट्यानं टाचलेली एक घडी हातात येताच लागोपाठ पाच शिंका! डोळे पुसत तिनं ती घडी महाराजांपुढे ठेवली.

"हा तुमचा, सरकार."

"कशावरून?"

"शास्त्रीबुवा उत्तरं तपासताना तपकीर ओढायचे. उत्तर चांगलं असलं तर डबीला हातही लागायचा नाही. चुकलं की एक चिमूट. फारच चुकलं की दोन. सांडायची ती कागदावरच. आणि एका कागदाला..." ती थांबली.

"बोल."

"सरकारांचा कागद तपासला त्या दिवशी भरलेली डबी जेवणाआधीच संपली. दुसरी आणायला मलाच पिटाळलं होतं."

सगळा दरबार छताकडे बघायला लागला. महाराजांनी घडीचं एक टोक उघडलं. अक्षर त्यांचंच. कान लाल झाले, पण हट्ट काही सुटेना. त्यांनी घडी मिटली.

"हा माझा नाहीच. म्हणजे सापडला नाही. न्या सगळं बंबात."

गुरुजी हात जोडून पुढे धावले. ठकूबाईनं मात्र मान डोलावली.

"बरं सरकार. तुम्ही नाही म्हणता तर नसेल. शोध संपला, म्हणजे वाचायची बंदीही संपली. दिवाणजी, तेवढा कागद जरा मोठ्यांदा वाचता का? ज्यानं शास्त्रीबुवांच्या दोन डब्या संपवल्या, त्या बिचाऱ्याचं नाव तरी कळू दे आम्हाला."

दिवाणजींनी तत्परतेनं चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"थांबा!" महाराजांनी कागद छातीशी धरला. "माझा आहे. माझाच आहे."

महाराजांनी बाईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि एक सणसणीत शिंक दिली. शिंकेपाठोपाठ हसू आलं ते आवरेना. पोट धरून हसले.

"ऐका आता," ते म्हणाले. "प्रश्न होता, राजाला कायदा लागू होतो का? मी एका ओळीत उत्तर दिलं, राजाच्या मर्जीवर आहे. खाली शास्त्रीबुवांनी लाल शाईत लिहिलंय, पुन्हा परीक्षेस बसावे." त्यांनी डोळे टिपले. "आज बसलो म्हणायचं. काय ठकूबाई, पास की नापास?"

"‘माझा नाहीच’ या आजच्या पहिल्या उत्तराला दोन चिमटी लागल्या असत्या, सरकार," ठकूबाई म्हणाली. "पण शेवटच्याला शास्त्रीबुवांनी डबी उघडलीसुद्धा नसती."

महाराज पुन्हा खदाखदा हसले. दप्तरासाठी सागवानी कपाटं द्यायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला, कपाटांची किल्ली ठकूबाईच्या हाती आली आणि वर एक चांदीची डबी मिळाली. मग महाराजांनी तो कागद स्वतःच्या हातानं अकराव्या रुमालात परत ठेवला.

"हाही खुला राहू दे," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला शिंका आल्या तर मात्र माझ्याकडे तक्रार आणू नका."