बुडणाऱ्याचं नाव

“आणि चौथा अर्थ?” इनूसबाबांनी विचारलं.

“चौथा म्हणजे जाडंभरडं कापड,” विश्वंभर म्हणाला. “तंबूचं, शिडाचं. पण त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही. तो शब्द डच लोकांकडून आला. उच्चार तेवढा सारखा.”

“म्हणजे डक म्हणजे बदक. डक म्हणजे झटकन मान खाली घालणं. डक म्हणजे क्रिकेटमधला भोपळा. आणि डक म्हणजे कापड.”

“बरोबर.”

“भोपळा कसा?”

“शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा. म्हणून.”

बाबा हसले. त्यांच्या मांडीवर फाटकं जाळं होतं आणि ते एकेक घर सांधत होते. दर्गा अगदी धरणाच्या पाण्याला लागून होता. पायऱ्यांतल्या खालच्या सहा पाण्यात गेलेल्या. बाबा शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले होते. विश्वंभर सर्वांत वरच्या.

विश्वंभर सोनपेठकर तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. चार वर्षं तो शब्दांच्या मुळांचा कोश रचत होता, आणि आपल्याइतकं हे काम जिल्ह्यात कुणाला येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दर्ग्यावर आपण पक्ष्यांची गावरान नावं टिपायला आलो, असं त्यानं बाबांना सांगितलं होतं.

ते खोटं होतं. त्याला आईनं पाठवलं होतं. धास्ती घेतलेल्या माणसांना त्या भागातले लोक इनूसबाबांकडे आणत.

दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ माधव विहिरीत पोहताना खाली गेला तो वर आलाच नाही. विश्वंभर काठावर उभा होता. त्याला उत्तम पोहता येत होतं. पण पाय हलले नाहीत.

तेव्हापासून तो अंघोळीचं पाणी खांद्यावर घ्यायचा. डोक्यावर कधीच नाही. डोकं ओल्या फडक्यानं पुसायचा.

यातलं एक अक्षरही तो बाबांशी बोलला नव्हता.

“आधी काय?” बाबांनी विचारलं. “पक्षी, का मान खाली घालणं?”

विश्वंभर सरसावून बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“सगळे इथंच चुकतात, बाबा. लोकांना वाटतं, आधी पक्षी आणि त्याच्यावरून ती क्रिया. खरं उलटं आहे. आधी क्रिया. बुडी मारणं. पक्ष्याला त्यांच्याकडे वेगळं जुनं नाव होतं, आपल्या संस्कृतातल्या ‘आती’ या पाणपक्ष्याच्या नावाच्या नात्यातलं. ते नाव मेलं. लोक त्याला नुसतं ‘बुडणारा’ म्हणायला लागले. तेच राहिलं.”

“बुडणारा...” बाबांचा हात थांबला. “वर येणारा, का न येणारा?”

विश्वंभर वहीची पानं उलटू लागला.

बाबांनी जाळं खांद्यावर टाकलं. “चल. पलीकडे लव्हाळ्यात तुझे बुडणारे दाखवतो.”

नाही म्हणायला त्याची जीभ वळली होती. पण कारण सांगावं लागलं असतं. तो उठला.

होडी पत्र्याची होती, जेमतेम दोघांपुरती. विश्वंभर मधोमध बसला आणि दोन्ही कडा त्यानं घट्ट धरल्या. फाल्गुनातली दुपार. ऊन होतं, पण पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि वारा एकदम पडला होता.

लव्हाळ्याजवळ एक इवलासा तपकिरी पक्षी दिसला.

“टिबुकली,” बाबा म्हणाले.

“हे खरं तर डक नव्हे, बाबा. शास्त्रानुसार याचं कूळ वेगळं...”

“बुडतं ना?”

पक्ष्यानं एकदा आभाळाकडे पाहिलं आणि तो पाण्याखाली गेला. मग दुसरा. मग सगळेच. पाणी रिकामं झालं.

बाबांचा चेहरा उतरला. “गार आली,” ते म्हणाले.

पहिली गार होडीच्या टोकावर आदळली. लिंबाएवढी. दुसरी विश्वंभरच्या खांद्यावर. मग मोजता येईनात. पत्रा ढोलासारखा बडवला जाऊ लागला, आणि भोवतीचं पाणी उकळल्यासारखं उसळू लागलं.

“उतर!” बाबा ओरडले. “इथं छातीइतकंच आहे!”

म्हातारा पाण्यात उतरला सुद्धा. विश्वंभर उतरला नाही, पडला. पाय चिखलाला लागले. पाणी छातीला आलं आणि त्याचा श्वास तुटला. बाबांनी होडीच्या कडेखाली खांदा लावला, एका हिसड्यात ती पालथी केली आणि खालून आत शिरले.

“आत ये! बुडी मार!” पत्र्याआडून आवाज आला.

“कड उचला, बाबा!”

“उचलली तर हवा जाईल! होडी खाली बसेल!”

होडीची कड पाण्यात वीतभर गेली होती. तेवढंच. वीतभर पाण्याखालून जायचं आणि पलीकडे वर यायचं. पोर सुद्धा करील.

विश्वंभर दोन्ही हात डोक्यावर धरून उभा राहिला. एक गार बोटांवर बसली. एक कानावर, आणि कानातून ऊन ऊन काही मानेवर उतरलं. समोर एक पांढरा बगळा धपकन पाण्यात पडला आणि पंख पसरून तसाच तरंगत राहिला. लहानपणापासून त्याला माहीत असलेले सगळे शब्द कुठं गेले होते कोण जाणे. मान खाली जात नव्हती. पाण्याकडे पाहिलं की त्याला विहिरीचं हिरवं पाणी दिसायचं, आणि त्यावर फुटणारे बुडबुडे.

“बाबा, मला जमत नाही!”

उत्तर आलं नाही.

“बाबा?”

पत्र्यावर गारांचा मारा. आतून काही नाही.

“बाबा! बोला ना! बाबा!”

...

होडीच्या कडेपाशी दोन बुडबुडे आले आणि फुटले.

म्हातारं माणूस. चिखल. काळोख. हवा किती असेल आत? तो किंचाळला. काय ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. कदाचित बाबांना हाक असेल, कदाचित माधवला.

आणि तो खाली गेला.

नाकात पाणी, कानात पाणी, डोळ्यांपुढं हिरवट अंधार. हात पुढं करून त्यानं चाचपलं. कापड लागलं. ते मुठीत धरून तो वर आला तेव्हा डोकं पत्र्यावर आपटलं.

आत हवा होती. गढूळ, कोंदट, पण हवा. बाबा गुडघे वाकवून मानेपर्यंत पाण्यात निवांत उभे होते. त्यांच्या सदऱ्याची कड विश्वंभरच्या मुठीत होती.

“मी... मी हाका मारत होतो!” तो धापा टाकत म्हणाला.

“ऐकत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी त्याच्या फुटलेल्या कानावर तळवा दाबला.

विश्वंभर रडायला लागला. गारांच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यानं मोकळेपणानं रडून घेतलं. मग त्यानं माधवचं सगळं सांगितलं. काठ, विहीर, न हललेले पाय. अर्धं पत्र्याच्या गडगडाटात विरून गेलं. बाबांनी पुन्हा सांग म्हटलं नाही.

मग गारा थांबल्या. एकदम. ती शांतता गारांहून भयंकर होती.

“चल, बाहेर,” बाबा म्हणाले.

विश्वंभरनं छातीपाशी कडेखालून येणारा अंधुक उजेड पाहिला.

“पुन्हा खालूनच?”

“दार तेवढंच आहे.”

“बाबा, मला वाटलं, एकदा आलो म्हणजे गेली असेल...” त्यानं बाबांचा सदरा पुन्हा धरला. “भीती गेली नाही, बाबा. इथंच आहे. माझ्याजवळ.”

बाबांनी छातीभर श्वास घेतला. खाली जाता जाता ते क्षणभर थांबले.

“मग तिचा हात धर, बेटा... तिला पोहता येत नाही.”