चुकीच्या जागेवरचं गाव

"वाकडी गाव चुकीच्या जागी आहे," असं नकाशाध्यक्ष गंभीररावांनी भर दरबारात सांगितलं आणि राजा यशोधवलाचा विडा चावायचा राहिला.

"चुकीच्या जागी म्हणजे?"

"नकाशात ते नदीकाठी सपाटीवर आहे, महाराज. प्रत्यक्षात टेकाडावर जाऊन बसलंय. कुणालाही न विचारता."

झालं होतं असं, की मागच्या महापुरात सोनाई नदीने आपलं पात्र सोडलं आणि थेट वाकडीतूनच वाट काढली. गाव गवळ्यांचं. आधी म्हशी पळाल्या, त्यांच्यामागून माणसं, आणि सगळे टेकाडावर चढून तिथेच राहिले. नदीनेही कुणाला विचारलं नव्हतं म्हणा, पण नदीला जाब विचारणार कोण?

नकाशा मात्र पुराच्या आधीचा. राजाने सातासमुद्रापलीकडून पंडित बोलावून तो काढून घेतला होता. पंडितांनी भरपूर मेजवान्या झोडल्या, रेशमी कापडावर अख्खं राज्य रेखाटलं, आणि मोजणीच्या साखळ्या नि दुर्बिणी पेटाऱ्यात घालून, "आता तुम्ही सांभाळा," म्हणून निघून गेले. कसं सांभाळायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपल्या लोकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला येत नाही हे उघड झालं असतं ना! मग नकाशाखातं निघालं. एक अंमलदार नकाशावरचा पडदा सरकवायचा, दुसरा पुन्हा ओढायचा, तिसरा पेटाऱ्याची किल्ली घासूनपुसून चकचकीत ठेवायचा. पेटारा कधी उघडत नसे. उंदीर धरायला एक मांजर होतं, आणि खात्यात काम म्हणाल तर तेवढं तेच करायचं.

"नकाशाच चुकला असेल," दरबारात कुणीतरी पुटपुटलं.

राजा भडकला. "अर्धा खजिना ओतलाय त्यात! नकाशा चुकला म्हणजे मी चुकलो. येत्या अमावास्येच्या आत वाकडी नकाशातल्या जागी बसली पाहिजे. नाहीतर म्हशी जप्त आणि माणसं हद्दपार!"

दवंडी ऐकून टेकाडावर रडारड सुरू झाली. नकाशातली जागा आता नदीच्या मधोमध होती आणि तिथे दोन पुरुष पाणी होतं. पाटील कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात ठकू उठली. ही गवळ्याची लेक रोज राजधानीत दुधाचा रतीब घालायची. दुधात पाणी घालत नसे आणि बोलण्यातही.

"रडून नदीचं पाणी वाढंल नुसतं," ती म्हणाली. "मी दरबारात जाऊन येते."

दरबारात तिने मुजरा केला. "महाराज, आम्ही हलतो."

"बघा!" राजा खूश झाला. "अडाणी असून पोरीला कळतं."

"फकस्त एक इचारायचंय. घरं नेऊ, म्हशी नेऊ. पर वर्साचं शेण साठलंय. त्ये नदीत न्यावं, तर खाली राजधानीचा पाणवठा. मग टाकावं कुठं?"

शेणावर दरबार भरवायची राजाची अजिबात इच्छा नव्हती. "नकाशात उकिरडा असेल तिथे टाका. नकाशात जे जिथे आहे ते तिथेच असलं पाहिजे. गंभीरराव, दाखवा हिला."

पडदा सरकला. गंभीररावांनी ऐटीत बोट ठेवलं. "हा राजधानीचा उकिरडा. पश्चिमेच्या वेशीबाहेर, चिंचांच्या रांगेला लागून."

"नक्की?"

"नकाशा चुकत नाही!"

"मग आमची काय तक्रार न्हाई," म्हणत ठकू निघाली.

अमावास्येच्या आदल्या सकाळी राजा धाकट्या राणीच्या नव्या महालात गाणं ऐकत होता. गायिकेने तान घ्यायला श्वास ओढला आणि ती ठसकलीच. मग राणीने पदर नाकाला लावला. राजा सज्जात धावला. खाली बैलगाड्यांची रांग लागली होती आणि पहिली गाडी महालाच्या दारात रिकामीही झाली होती.

"कुणाची ही हिंमत!"

"आपलाच हुकूम, महाराज," ठकूने हात जोडले. "नकाशात हितं उकिरडा हाय."

"हा राणीसाहेबांचा महाल आहे!"

"महाल नकाशात न्हाई. चिंचांची रांग बगा, वेस बगा. मग हा महाल चुकीच्या जागी आला म्हनायचा का?"

"म्हणजे मी उकिरड्यावर राहते?" राणीने राजाकडे पाहिलं. शत्रूच्या फौजेपुढे न डगमगलेला राजा त्या नजरेपुढे चुळबुळला.

"महाल नकाशा काढल्यावर बांधलाय," तो म्हणाला.

"टेकाडावर आम्ही बी नंतरच चढलो, महाराज."

नकाशाध्यक्षांना तातडीने बोलावून घेऊन राजा गरजला, "गंभीरराव! आत्ताच्या आत्ता नकाशा दुरुस्त करा!"

गंभीररावांनी पगडी सावरली. "महाराज... आम्हाला पडदा सरकवता येतो."

"आणि पेटारा?"

"त्याची किल्ली आहे."

"मग त्या पंडितांना बोलवा!"

"यायला वर्ष लागेल, महाराज."

"वर्सभर बैल उभं ऱ्हायाचं न्हाईत," ठकू म्हणाली. "महाराज, रागावू नका. आपण भारी म्हस इकत घेतली, पर धार काढनारा सातासमुद्रापल्याड. मग दूध कुनी प्यावं? नदी दरसाल हलती, महाल बी उठत्यात. नकाशाची धार रोज काढावी लागती!"

राजाने एकदा शेणाच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा महालाकडे. मग त्याला हसू फुटलं, आणि असं फुटलं की सज्जाचा कठडा धरावा लागला. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"वाकडीला टेकाडावर ऱ्हाऊ द्या. पेटारा उघडा, आन् गावोगावच्या पोरापोरींना त्यातलं शिकवा. पंडित एक डाव आणा बापडे. पर ह्या खेपेला आधी शिकवून घ्या, मग जेवू घाला!"

राजा पुन्हा खो खो हसला. हातातलं सोन्याचं कडं त्याने ठकूला दिलं, टेकाड वाकडीच्या नावे केलं आणि पेटारा तिथेच मागवला. साखळीचं एक टोक गंभीररावांना धरायला लावलं, दुसरं ठकूने धरलं. पहिली मोजणी नव्या उकिरड्याच्या जागेची झाली, आणि तो महालापासून नीट लांब जातोय ना, हे पाहायला राणीसाहेब जातीने उन्हात उभ्या होत्या.