सोनाआत्या मुंबईला जाते

एका गावात, खाडीच्या अगदी तोंडाशी, एक भोळा पदू राहत होता. ‘भोळा’ हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसराच शब्द वापरी, तो इथं लिहीत नाही.

या पदूचं लग्न भिवाजी तांडेलांच्या मथुरेशी ठरता ठरता अडलं होतं. मथुरेला आईमागं वाढवलं सोनाआत्यानं, तेव्हा शेवटचा शब्द आत्याचा. आत्या म्हणाली, “चौधरी मास्तर लाँचनं मुंबईची सहल नेतायत. पोरगा माझ्यासंगं येऊ दे. दिवसभर बघते. संध्याकाळी परत येऊन मी हो म्हटलं, की फोडा सुपारी.”

आईनं पदूला बजावलं, “बाबा, आज स्वतःचं डोकं चालवू नकोस. मोठी माणसं सांगतील तसं वाग.”

पदूला हे अगदीच सोपं वाटलं.

लाँच खाडीबाहेर पडली. रिवाजाप्रमाणं आत्यानं दर्यात नारळ सोडला. पदूनं खलाशाची जाळी घेतली, नारळ उपसला, धोतराला पुसला नि आत्याच्या ओटीत ठेवला.

“आत्या, पडला होता तुमचा.”

“मेल्या!” आत्या कडाडली. “पाण्याला दिलेलं परत घेत नाहीत. हात जोडायचे नि पुढं जायचं!”

“बरं,” पदू म्हणाला.

मुंबईत मास्तरांनी सगळ्यांना मोठ्या बागेत नेलं. छत्री उंच धरून ते प्रत्येक झाडाची माहिती सांगत होते. झाडावर पाटी होतीच, मास्तर तीच मोठ्यांदा वाचत. कमळाच्या तळ्यावर वाकले नि नाकावरचा चष्मा डुबकन आत गेला. पदू जवळच होता. त्यानं हात जोडले नि पुढं गेला.

तळ्यात कमरेइतका चिखल. चष्मा गेला तो गेलाच.

“गाढवा!” मास्तर ओरडले. “पाण्यात गेलेलं दिसलं की हात घालून बाहेर काढायचं! हात कसले जोडतोस?”

शहाण्या माणसांचं हे असंच. उपदेश तयार असतो, फक्त घटना घडून गेल्यावर येतो.

“बरं,” पदू म्हणाला.

पुढच्या हौदात माळी कमळाचे कंद लावत होता. एक लावून तो दुसऱ्याकडं वळला, की मागून पदू पहिला काढी. अकरा कंद झाल्यावर माळ्यानं मागं पाहिलं.

“अरे राक्षसा! चिखलात पाय रोवून बसलेल्याला कधी उपटतात का? मुळं धरू दे ना! बुडाशी तांब्याभर पाणी घालायचं नि मुकाट निघून जायचं!”

“बरं,” पदू म्हणाला. बिचाऱ्याचं मन मोठं, कुणालाच नाही म्हणत नसे.

मास्तरांनी मात्र माहिती थांबवली नाही. चष्म्यावाचून त्यांनी एका पाण्याच्या टाकीला कुणा लाटसाहेबाचा पुतळा म्हणून ओळखलं, आणि मंडळींनी टाकीला नमस्कारही केला.

संध्याकाळी सगळे बंदरावर आले. आत्याचे पाय भरून आले होते. तिनं चपला काढल्या, ओल्या रेतीच्या ढिगात घोट्यापर्यंत पाय खुपसले, नि भिंतीला टेकून घोरू लागली.

“पदू,” मास्तर म्हणाले, “आत्याबाईंची जबाबदारी तुझी. शेवटची लाँच आहे.”

पदूनं आत्याकडं पाहिलं. पाय रोवलेले. त्यानं नळावरून तांब्या भरून आणला, हलक्या हातानं बुडाशी ओतला, नि मुकाट निघून आला.

मास्तरांना समोर माणसांचा नुसता ढग दिसत होता. “आले सगळे?” त्यांनी विचारलं. ढगातून “होऽ” आलं. लाँच सुटली.

भर दर्यात कुणीतरी विचारलं, “सोनाआत्या कुठाय?”

“धक्क्यावर लावल्यात,” पदू म्हणाला. “पाणीही घातलंय.”

मास्तरांनी छत्री उगारली, पण चष्म्यावाचून ती खलाशाला लागली.

इकडं भिवाजी तांडेल सुपारी घेऊन उभेच होते. लाँच लागताच पदू पहिला उतरला.

“काय रे,” भिवाजींनी विचारलं, “आत्या हो म्हणाली का?”

“घाई करू नका, मामा,” पदू म्हणाला. “आधी पालवी तर फुटू द्या!”