भैरू नाइकाला न लुटता आलेली चीज

"सूर्य बुडायच्या आत मला लुटता येणार नाही अशी एक तरी चीज या गलबतावरून काढून दाखवा! दाखवलीत तर सुटलात. नाहीतर सगळे चला माझ्या जहाजावर, जन्मभर वल्ही मारायला!"

एवढं बोलून भैरू नाईक खजुराच्या पोत्यावर ऐसपैस बसला. त्या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा चांचा तो. त्याचं नुसतं निशाण दिसलं तरी खलाशी गलबत मागं फिरवायचे. आज मात्र एका बाईनं त्याला डिवचलं होतं.

ती बाई देवकू, गलबत चालवणाऱ्या पोशा तांडेलाची थोरली बहीण. स्वयंपाकी मस्कतच्या बंदरात पळून गेला, म्हणून परतीच्या वाटेवर चूल तिनंच सांभाळली. चांच्यांनी गलबताला दोर टाकले, खजूर मोजला, शीडसुद्धा उतरवलं, तेव्हा ती फटकन बोलून गेली होती, "ने रे मेल्या, ने! पण सगळंच काही तुला नेता यायचं नाही!"

नाइकानं ते ऐकलं आणि हट्टालाच पेटला.

"बाय, तुझी जीभ आपल्याला बुडवणार!" पोशा कळवळला. मग त्यानंच आधी नशीब आजमावलं. "नायका, वारा! वारा कुठं लुटता येतो?"

"शीड माझं झालं. आता वारा घेऊन तू काय पदराला बांधणार?"

चांचे खदाखदा हसले. एक म्हातारा खलाशी पुढं सरकला. "आमचं नशीब, महाराज!"

"ते माझ्या मुठीत आहे. उद्या वल्हं हातात आलं की कळेल!"

देवकू डोलकाठीला टेकून आपल्या माणसांकडे बघत राहिली. वारा पडल्यामुळे गलबत भर समुद्रात कित्येक दिवस नुसतं डुलत राहिलं होतं; वारा सुटला तो आजच. गोडं पाणी संपत आलेलं. खाऱ्या पाण्यानं प्रत्येकाच्या अंगावर गळवं उठलेली. हिरड्या सुजलेल्या. त्यात या माणसांना आता साखळीनं वल्ह्याला बांधणार! विचार करताना तिनं कराकरा डोकं खाजवलं, नखात एक लठ्ठ ऊ आली, आणि ऊ बघता बघता तिचे डोळे चमकले.

"नायका, लूट लूट म्हणतोस, पण लूट म्हणजे काय रे?"

"एवढंही कळत नाही? मालकाला द्यायचं नसतं, तो रडतो, पाय धरतो, तरी मी ओढून नेतो. ती लूट!"

"आणि मालकानं हसत हसत दिलं तर?"

"हसत दिलेलं घ्यायला मी काय दारोदार फिरणारा भिकारी आहे?" नाईक गरजला, आणि त्याच्या माणसांनी तलवारी आपटून दाद दिली.

"ऐकलंत ना रे सगळ्यांनी?" असं म्हणत देवकू चुलीपाशी गेली आणि एक हंडी घेऊन आली. झाकण काढताच जवळच्या दोन चांच्यांनी नाकाला हात लावले. आत आंबलेली पेज होती. तिच्यात अळ्या निवांत पोहत होत्या.

"ही आमची जेवणाची हंडी. लूट!"

"लुटली!" नाइकानं हात पुढं केला.

"घे, राजा, घे! अगदी मनापासून देते. थांब, वाढूनच देते!"

नाइकाचा हात हवेतच थांबला.

पोशाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो धावत पुढं आला आणि त्यानं पागोटं काढून वाकून धरलं. "नायका, यातल्या उवा घ्या! एकही मागं ठेवू नका!"

"माझं हे गळू घ्या, महाराज! नुकतंच पिकलंय!"

"तळातलं कुजकं पाणी घ्या! उंदीर घ्या!"

"माझी ओकारी घ्या, अजून ताजी आहे!"

सगळे खलाशी हात जोडून नाइकाच्या अंगावर चालून आले. भैरू नाईक पोत्यावरून उठून मागं मागं सरकू लागला. शेवटी त्यानं तलवारच उपसली.

"ए बाई! देणार नाही म्हण!"

"का म्हणू? मला तर द्यायचंय!"

"नाही म्हण, सांगतो! नाहीतर मान उडवीन!"

"अगं बाई!" देवकूनं हंडी कमरेवर घेतली. "तलवार उपसून भीक मागणारा मी आज पहिल्यांदाच पाहिला! हे बघ नायका, घेतलंस तर भिकारी, आणि नाही घेतलंस तर तुला लुटता आलं नाही. बोल, वाढू का?"

एक चांचा फिस्सकन हसला. मग दुसरा. नाइकानं डोळे वटारून त्यांच्याकडे पाहिलं, मग हंडीतल्या अळ्यांकडे पाहिलं, आणि त्याच्याच मिशा थरथरायला लागल्या. तो असा हसला, असा हसला, की तलवार हातातून गळून पडली.

"हरलो, बाये! लावा रे यांचं शीड! खजूर परत ठेवा! आणि आपली गोड्या पाण्याची पिंपं, तांदूळ, लिंबं चढवा यांच्या गलबतावर. माझ्याकडून खुशीनं बक्षीस!"

खलाशी पाण्याच्या पिंपांकडे झेपावले. देवकूनं हात आडवा केला.

"थांबा रे! खुशीनं दिलेलं घ्यायला आम्ही काय भिकारी आहोत? नायका, द्यायचं तर रडत दे!"

त्या दांडग्या भैरू नाइकानं पिंपाला मिठी मारली आणि गळा काढला, "नको गं बाये! लुटलंस गं मला! माझी पोरं तहानेनं मरतील गं!"

मागे त्याचे चांचेही हंबरडा फोडून लिंबाच्या टोपल्या पुढं ढकलू लागले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं.

देवकूनं पिंपाचं बूच काढलं, ओंजळ भरून घटाघट पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोशा, उभार शीड! याला पुरता लुटला!"